नागअळीचं पान फेकण्याआधी: पानातली अळी ओळखण्याची आणि वाढवण्याची रीत

पावसाळ्यात लिंबाला कोवळी पालवी फुटली की आठवडाभरात तिच्यावर चंदेरी, नागमोडी रेघा उमटायला लागतात. पान आक्रसतं, कडा आत वळतात, आणि घरोघरी एकच उपाय होतो: पान खुडायचं किंवा फवारणीची बाटली काढायची. माझं सांगणं आहे की त्यातली निदान चार पानं वेगळी ठेवा. त्या रेघेत एका किड्याचं अंड्यातून बाहेर पडल्यापासूनचं आयुष्य ओळीने मांडलेलं असतं. त्याने कुठून सुरुवात केली, किती खाल्लं, जगला का मेला, आणि मेला तर कोणी मारला, हे सगळं एका पानावर दिसतं. उघड्यावर फिरणाऱ्या सुरवंटाबद्दल एवढी माहिती एका नजरेत कधीच मिळत नाही.

पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्याच्या मधला गर खात आतल्या आत पुढे सरकणारी ती नागअळी. पापुद्रे शाबूत राहतात, मधला हिरवा भाग जातो, म्हणून तिची वाट फिकी किंवा चंदेरी दिसते. लिंबू, टोमॅटो, चवळी, दोडका, एरंड, शेवंती, सगळ्यांवरच्या अशा अळ्यांना आपल्याकडे सरसकट नागअळी म्हणतात. हे नाव कामाचं आहे, पण त्यात एकमेकांशी नातं नसलेले किडे एकत्र येतात. एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही आणि घोटाळा इथेच होतो.

पानात कोण कोण राहतं

चार गटांचे किडे हा उद्योग करतात: पतंग, माशा, भुंगेरे आणि करवतमाशा.

लिंबू-संत्र्यावरची नागअळी हे एका इवल्याशा पतंगाचं पिल्लू. शास्त्रीय नाव फिलोक्निस्टिस सिट्रेला. स्टेन्टन या इंग्रज अभ्यासकाने १८५६ मध्ये कलकत्त्याच्या नमुन्यांवरून तिला हे नाव दिलं, म्हणजे ही आपल्याच भागातली. अमेरिकेतल्या फ्लोरिडात ती १९९३ मध्ये पोहोचली आणि तिथल्या बागायतदारांची झोप उडाली. भुईमूग आणि सोयाबीनवरची पाने पोखरणारी अळी पतंगाचीच, कोकणात आणि गोव्यात काजूच्या कोवळ्या पानांवर फोडासारखे पांढरट चट्टे पाडणारीही पतंगाचीच. टोमॅटोवरची टूटा त्याच गोतातली. ती मूळची दक्षिण अमेरिकेची, २००६ मध्ये स्पेनमध्ये शिरली आणि २०१४ मध्ये पुणे परिसरात पोहोचली.

चवळी, टोमॅटो, काकडी, एरंड, शेवंती यांच्या पानांवर पांढऱ्या दोऱ्यासारखी वेटोळी काढणारी बहुतेक वेळा लिरिओमायझा नावाच्या माशीची अळी असते. हीसुद्धा बाहेरून आलेली, १९९०च्या आसपास भारतात दिसायला लागली. भाताच्या पानातला काटेरी भुंगेरा म्हणजे हिस्पा. त्याचा भुंगा पानाचा वरचा थर खरवडून पांढऱ्या समांतर रेघा पाडतो आणि अळी पानाच्या आत राहून फोड करते.

चौथा गट करवतमाशांचा, ज्यांना इंग्रजीत सॉफ्लाय म्हणतात. या नावाला माशा, नातं मात्र मधमाशी आणि गांधीलमाशीशी. फक्त यांना बारीक कंबर नसते. मादीच्या पोटाच्या टोकाशी करवतीसारखा दातेरी अवयव असतो. त्याने ती पानाला किंवा देठाला चीर पाडून अंडं आत सरकवते. आपल्याकडे थंडीत मुळा-मोहरीवर येणारी काळपट अळी याच गोतातली, पण ती पान बाहेरून कुरतडते. तिला बोट लावलं की अंग गोळा करून खाली पडते आणि मेल्याचं सोंग घेते. पानाच्या आत राहणाऱ्या करवतमाशा थंड देशांत पुष्कळ. बर्च आणि एल्मच्या पानांत त्या आहेत, आणि उत्तर अमेरिकेत व्हायोलेट या छोट्या फुलझाडाच्या पानात राहणारी नेफुसा अँबिग्वा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांच्या मागच्या हिरवळीत व्हायोलेट आपोआप उगवतं आणि तण म्हणून उपटलं जातं. उपटण्याआधी त्याची पानं उजेडासमोर धरून पाहावीत.

सामान जमवा

फारसं काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग मात्र हवंच, त्यात काटकसर करू नका. त्याखेरीज झिपच्या प्लास्टिक पिशव्या, झाकणाच्या छोट्या पारदर्शक डब्या, टिश्यू पेपर, चित्रकलेचा सर्वांत बारीक ब्रश, थोडी चाळलेली वाळू किंवा कोकोपीट, नेटच्या कापडाच्या नाडीवाल्या छोट्या पिशव्या आणि पेन्सिल. लेबलं पेन्सिलनेच लिहा, कारण डबीत ओल असते आणि शाई पसरते.

पान उजेडासमोर धरा

सकाळी ऊन चढण्याआधी जा. पान न तोडता वाकवून आभाळाच्या उजेडासमोर धरा. आत अळी असेल तर रेघेच्या रुंद टोकाशी हिरवट-पिवळी सावली दिसते आणि थोडं थांबलात तर ती हलतेही. रेघेचं अरुंद टोक म्हणजे जन्माची जागा, रुंद टोक म्हणजे अळी आज जिथे आहे किंवा शेवटची जिथे होती ती जागा. वाचायचं ते नेहमी अरुंद टोकाकडून.

पहिली गोष्ट आकार. रेघ सापासारखी लांब आहे, की फोडासारखा पसरट चट्टा आहे, की आधी रेघ आणि मग चट्टा? लिंबाची अळी आणि लिरिओमायझा शेवटपर्यंत रेघच ओढतात. टूटा, काजूची अळी, हिस्पा आणि पानातल्या बहुतेक करवतमाशा शेवटी चट्टा करतात.

दुसरी गोष्ट विष्ठा, आणि माझ्या मते ओळखीची सर्वांत भरवशाची खूण हीच. लिंबाच्या पानात ती रेघेच्या मधोमध एका बारीक काळसर धाग्यासारखी असते. लिरिओमायझाच्या रेघेत ती दोन्ही कडांना आळीपाळीने पडते: थोडं अंतर डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. याचं कारण भिंगातून दिसतं. ही अळी एका कुशीवर पडून खाते. तिला डोकं असं काही नसतं, पुढच्या टोकाला फक्त काळ्या आकड्यांची जोडी असते. विळ्याने गवत कापावं तसे ते आकडे अर्धगोलात फिरतात, समोरचा हिरवा गर निघतो, अळी तेवढी पुढे सरकते. मधूनच ती कूस बदलते आणि तिच्याबरोबर विष्ठेची ओळही बाजू बदलते. पान जिवंत झाडावर असताना हे पाहायला मिळालं तर भिंग खाली ठेवावंसं वाटत नाही. करवतमाशीच्या चट्ट्यात विष्ठेचे दाणे बहुधा सुटे, विखुरलेले असतात आणि पान हलवलं की आतल्या आत सरकतात.

तिसरी गोष्ट बाजू. चट्टा वरून दिसतो की खालून, की दोन्हीकडून? दोन्हीकडून दिसत असेल तर अळीने गराची पूर्ण जाडी खाल्लेली आहे. लिंबाची अळी फक्त वरवरच्या पेशी फोडून रस पिते. पापुद्रा सुटून खाली हवा शिरते, तिच्यामुळे ती चंदेरी चमक येते.

चौथी गोष्ट शेवट. रेघ पानाच्या कडेशी जाऊन संपली आहे आणि कडा दुमडून चिकटली आहे? मग लिंबाची अळी त्या घडीत कोषात गेली. रेघेच्या टोकाला चंद्रकोरीसारखी बारीक चीर आहे? मग माशीची अळी बाहेर पडून मातीत गेली. असं पान रिकामं असतं, ते डबीत ठेवून उपयोग नाही. त्याचा फोटो काढा आणि पुढचं पान बघा.

अळीच हाती लागली तर डोकं आणि पाय बघा. डोकं नाही, नुसते काळे आकडे आहेत, तर माशी. तपकिरी टणक डोकं आहे तर पतंग, भुंगेरा किंवा करवतमाशी. करवतमाशीच्या अळीला डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेकच डोळा असतो, पतंगाच्या अळीला बहुधा बारीक डोळ्यांचा पुंजका. पानात राहणाऱ्या कित्येक करवतमाशांच्या अळ्यांना छातीच्या खालच्या बाजूला काळसर ठिपके असतात, पान उलटं धरलं की ते पापुद्र्यातून दिसतात. मोहरीवरच्या उघड्या अळीबाबत पाय मोजणं पुरतं: सुरवंटाला पोटाखाली जास्तीत जास्त पाच जोड्या मांसल पाय असतात, करवतमाशीच्या त्या अळीला आठ जोड्या.

जिवंत आहे का, ते आधी ठरवा

अळी तपकिरी पडून चपटी झाली असेल तर ती मेली आहे. तरी पान टाकू नका. तिच्या शेजारी, त्याच रेघेत, बारीक काळा कोष दिसतो का ते पाहा. दिसला तर तो छोट्या परजीवी गांधीलमाशीचा आहे. या माशा एक-दोन मिलिमीटरच्या. मादी पानाच्या वरूनच नांगी खुपसून अळीला लुळी करते आणि तिच्याजवळ अंडं घालते. पिल्लू अळी खाऊन संपवतं आणि तिथेच कोषात जातं. काही जातींची पिल्लं कोषात जाण्याआधी स्वतःभोवती विष्ठेचे बारीक काळे खांब उभे करतात. पान सुकताना वरचा पापुद्रा अंगावर बसू नये म्हणून हे खांब, आणि साध्या भिंगातून ते स्पष्ट दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते घाणीचे ठिपके वाटतात, म्हणून आवर्जून सांगतो.

पान आणायचं कसं

अळी उकरून काढू नका. लिंबाची किंवा लिरिओमायझाची अळी एकदा बाहेर काढली की दुसऱ्या पानात शिरू शकत नाही, ती मरते. टूटाची अळी मात्र एक पान सोडून दुसऱ्यात जाते. बाकीच्या अळ्यांचं पान हेच घर आणि तेच अन्न, ते जितके दिवस ताजं राहील तितके दिवस अळी जगेल.

म्हणून जवळपास पूर्ण वाढलेली अळी निवडा. पान देठासकट कापा. लिंबासारख्याची तर शेंड्याची बोटभर डहाळीच घ्या. प्रत्येक नमुन्याला एक पिशवी आणि एक क्रमांक. वहीत त्या क्रमांकासमोर तारीख, गाव, झाडाचं नाव, रेघ पानाच्या कोणत्या बाजूला आहे, आणि आणतेवेळी अळी जिवंत होती का, एवढं लिहा. झाडाचं नाव पक्कं असणं फार महत्त्वाचं, कारण या किड्यांची ओळख निम्मी झाडावरूनच होते. झाड ओळखता येत नसेल तर त्याच्या फुलाचा, फळाचा आणि पूर्ण फांदीचा फोटो काढून ठेवा.

जमत असेल तर पान तोडूच नका. झाडावरच्या त्या डहाळीला नेटची पिशवी घाला आणि नाडी आवळा. पान जिवंत राहतं, बुरशी येत नाही, बाहेर पडणारा पतंग पिशवीतच सापडतो. घरच्या बागेत मी हीच पद्धत सुचवेन. मातीत जाणाऱ्या अळ्यांना ती चालत नाही, कारण त्या पिशवीच्या तळाशी पडून सुकतात.

डबीतले दिवस

डबीत दोनच शत्रू असतात: बुरशी आणि कोरडेपणा. पावसाळ्यात बुरशी, एप्रिल-मेमध्ये कोरडेपणा. डबीच्या तळाला टिश्यूची घडी ठेवा. उन्हाळ्यात ती ओली करून घट्ट पिळलेली हवी, पावसाळ्यात कोरडीच. पानाला स्वतःची ओल पुरते. रोज एकदा झाकण उघडून आतले थेंब पुसा, हवा बदला, काळं पडलेलं पान बाजूला करा. डबी सावलीत ठेवा. उन्हातली बंद डबी काही मिनिटांत भट्टी होते.

पुढचं किड्याप्रमाणे बदलतं.

लिंबाची डहाळी छोट्या बाटलीत पाण्यात उभी करा, बाटलीचं तोंड कापसाने बंद करा आणि हे सगळं मोठ्या बरणीत ठेवा. कडा दुमडल्यावर आठवडाभर, कधी जास्त, वाट पाहावी लागते. पतंग जेमतेम दोन मिलिमीटर लांब, चंदेरी पांढरा, पंखांच्या टोकाला एकेक काळा ठिपका. काचेवर बसलेला असताना धुळीचा कण वाटतो, म्हणून बरणी काळ्या कागदावर ठेवून पाहा.

लिरिओमायझाच्या पानांची डबी थोडी तिरकी ठेवा. अळ्या बाहेर पडून खालच्या कडेला जमतात आणि काही तासांत पिवळ्या-तपकिरी, तांदळाच्या कणीहून लहान गोळ्या होतात. ओल्या ब्रशने त्या उचलून वेगळ्या डबीत ठेवा. आपल्याकडच्या उबेत साधारण आठ-दहा दिवसांत काळ्या-पिवळ्या बारीक माश्या निघतात.

काजूची अळी मातीत कोष करते, तिला डबीच्या तळाशी दोन बोटं ओलसर वाळू द्या. भुईमुगाची अळी पानं चिकटवून आतच कोष करते आणि हिस्पाची अळी पानातच राहते. त्यांना मातीची गरज नाही.

व्हायोलेटची किंवा दुसरी कुठली करवतमाशी थंड देशात वाढवायची असेल तर घाई उपयोगाची नाही. पूर्ण वाढलेली अळी पानातून उतरून मातीत जाते, तिथे मातीची कोठडी करते आणि सहसा हिवाळा काढून पुढच्या वसंतातच प्रौढ होऊन बाहेर येते. बरणीत चार बोटं माती आणि कोकोपीट घ्या, तोंडाला नेट बांधा आणि बरणी हिवाळाभर घराबाहेर, पाऊस थेट पडणार नाही अशा जागी ठेवा. गरम खोलीत ठेवली तर थंडीचा काळ मिळत नाही आणि अळी बाहेर येण्याआधीच सुकून जाते. माती अधूनमधून फवाऱ्याने ओलसर करा, चिखल होऊ देऊ नका.

बाहेर काय आलं

डबी थेट उघडू नका. आधी ती फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे, पाचेक मिनिटं ठेवा. थंडीने किडा मंद होतो. मग मोठ्या पारदर्शक पिशवीच्या आत धरून झाकण काढा.

पतंगाच्या पानातून हिरवी-काळी चमकदार, दोन मिलिमीटरची गांधीलमाशी बाहेर आली तर नाराज होऊ नका. आपल्या बागेत फुकट राबणारी फौज आहे याचा तो पुरावा आहे, आणि फवारणीचा निर्णय त्यावरच ठरवावा. दहा पानांतून किती पतंग आणि किती गांधीलमाशा निघाल्या हे वहीत मांडा. सलग दोन पालव्यांमध्ये ही मोजणी केली तर आपल्या झाडावर नेमकं काय चाललं आहे ते कळतं.

फोटो तीन हवेत: रेघेसकट पूर्ण पान, उजेडासमोर धरलेलं तेच पान, आणि बाहेर आलेला किडा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर हे तिन्ही एकाच नोंदीत घातले तर ओळखणाऱ्याला आधार मिळतो. नुसत्या माशीच्या फोटोवरून जातीपर्यंत जाता येत नाही, पण झाड, रेघ आणि माशी एकत्र असतील तर पुष्कळदा जाता येतं.

मग झाडाचं काय करायचं

मोठ्या, फळं देणाऱ्या लिंबाच्या झाडाचं नागअळीने फारसं बिघडत नाही. जुन्या पक्व पानांना ती हात लावत नाही, तिला फक्त कोवळी पालवी लागते. खरी काळजी रोपवाटिकेतल्या आणि पहिल्या दोन-तीन वर्षांच्या कलमांची, कारण त्यांची सगळी वाढ त्या पालवीवरच असते. शिवाय फाटलेल्या पापुद्र्यातून खैऱ्या रोगाचे जिवाणू सहज आत शिरतात, म्हणून पावसाळ्यात लहान कलमांकडे लक्ष हवं.

पालवी एकदम येईल आणि लवकर पक्व होईल असं पाहा. सतत थोडं-थोडं नत्र देणं, सतत छाटणी करणं टाळा, त्याने झाडावर बारा महिने कोवळी पानं राहतात आणि किड्याची पिढी तुटत नाही. पाणसोट, म्हणजे सरळ वर जाणारे जोमदार फुटवे, वेळेवर काढा. लहान कलमांना पालवी बोटाच्या पेरभर असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. रेघा दिसल्यावर फवारलं तर अळी पापुद्र्याखाली सुरक्षित असते.

लिरिओमायझावर तर वारंवार कीटकनाशक मारणं उलटतं. माशी औषधाला सरावते, गांधीलमाशा मरतात आणि पुढच्या खेपेला रेघा दुप्पट. चवळी-टोमॅटोची खालची जास्त रेघाळलेली पानं काढा आणि पिवळे चिकट सापळे लावा. काढलेली पानं मात्र लगेच जाळू नका. ती बारीक जाळीच्या बंद पेटीत ठेवा. जाळी अशी की गांधीलमाशी निघेल, नागअळीची माशी अडकेल. टूटा असेल तर थांबायचं नाही. ती फळात शिरते, म्हणून कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावणं आणि पोखरलेली पानं-फळं पिशवीत बंद करून नष्ट करणं दोन्ही करावं. भातावरचा हिस्पा अंडी पानाच्या शेंड्याकडे घालतो, त्यासाठी लावणीआधी रोपांचे शेंडे खुडण्याची जुनी पद्धत आजही चांगली आहे.

शेवटी पान जपायचं

किडा निघून गेल्यावरचं पान वर्तमानपत्राच्या घडीत घालून वर जड पुस्तकं ठेवा. पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदला, नाहीतर डाग पडतात. पान सुकलं की जाड कागदावर गोंदाच्या कागदी पट्टीने लावा. रेघेवर पट्टी येऊ देऊ नका. कोषाची रिकामी टरफलं छोट्या पाकिटात घालून त्याच कागदाला जोडा. किडा ७० टक्के अल्कोहोलमध्ये लहान कुपीत ठेवा आणि आत पेन्सिलने लिहिलेला तोच क्रमांक टाका. पानावर, पाकिटावर, कुपीत आणि वहीत क्रमांक एकच असला पाहिजे.